बसचा सडलेला सांगाडा दुरुस्त करताना पत्र्यामागच्या लाईनी कशा वाचवतात?

मोबाईलची मागची काच बदलताना तुम्ही कधी नीट पाहिलंय का? दुकानदार काच गरम करतो, कडेने पातळ पट्टी घालतो आणि हळूहळू काच सोडवतो. पट्टी कुठे खोल घालायची आणि कुठे अजिबात नाही, ही खरी कला असते. कारण काचेला अगदी चिकटून वायरलेस चार्जिंगची कॉइल किंवा कागदासारखी पातळ केबल असते. पट्टी जरा आत गेली की काच नवी होते, पण चार्जिंग बंद पडतं.

आता हाच प्रकार दहा-अकरा मीटर लांबीच्या बसवर नेऊन बघा. काचेच्या जागी पत्रा आहे, पट्टीच्या जागी ग्राइंडर आणि वेल्डिंग आहे. पत्र्यामागे चार्जिंगची केबल नाही, तर ब्रेकची हवा नेणारी नळी आहे. इथे चुकलं तर एखादं फीचर बंद पडत नाही. गाडी चाळीस-पन्नास माणसं घेऊन घाटात असताना ब्रेकची ताकद कमी होते.

आज आपण हेच समजून घेणार आहोत. बसचा सांगाडा का सडतो, त्याच्या आत काय काय लपलेलं असतं, कापताना-जोडताना ते कसं खराब होतं, ते शोधायचं कसं, आणि यात तुमच्या खिशातल्या फोनचा खरा उपयोग काय.

आधी सांगाडा म्हणजे काय?

बसचे दोन मोठे भाग असतात. खाली चेसिस. त्यात इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, ब्रेक आणि दोन लांब जाड पट्ट्या असतात. वर बॉडी. बॉडीचा सांगाडा म्हणजे चौकोनी पाईप आणि अँगल जोडून केलेला पिंजरा: जमिनीखालचे आडवे तुकडे, दोन खिडक्यांमधले खांब, खिडकीखालची लांब पट्टी आणि छताच्या कमानी. या पिंजऱ्यावर बाहेरून पत्रा आणि आतून पॅनेल बसतं.

आपली एसटी वर्षानुवर्षं हे काम स्वतः करत आली आहे. कंपनीकडून चेसिस घ्यायची आणि स्वतःच्या कार्यशाळेत तिच्यावर बॉडी बांधायची. पुण्यात दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा अशा एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. पूर्वी लालपरीची बॉडी अॅल्युमिनियमची असायची. २०१८ च्या सुमारास एसटी माईल्ड स्टीलच्या बॉडीकडे वळली. स्टीलचा पिंजरा अपघातात जास्त तग धरतो, हा त्याचा मोठा फायदा. बसची बॉडी कशी असावी याचे नियमही देशात आहेत, त्यांना एआयएस-०५२ म्हणतात.

पण स्टील आलं की गंजही आला.

गंज आतून का लागतो?

भोर तालुक्याचं उदाहरण घ्या. आंबवड्याकडे, हिर्डोशीकडे किंवा वरंध घाटाच्या बाजूला पावसाळ्यात गाडी दिवसभर भिजते. चिखल चाकांवरून उडून जमिनीखालच्या पाईपांवर बसतो आणि ओला राहतो. खाली महाडकडे कोकणात उतरणाऱ्या गाडीला वर खारी हवा. मीठ आणि ओल एकत्र आली की गंजाचा वेग वाढतो.

खरी गंमत पाईपच्या आत आहे. खिडकीचं रबर कडक झालं की पाणी झिरपतं, खांबाच्या पोकळीतून खाली येतं आणि तळाच्या पाईपात साचतं. तिथे ना ऊन पोहोचतं ना वारा. पाणी निघायला छिद्र नसेल तर ते आठवडेच्या आठवडे तिथेच राहतं. वेल्डिंगच्या जोडाजवळ आतला रंग आधीच जळालेला असतो, म्हणून गंज तिथून सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे पाईप फुगतो, जोड उकलतो. बाहेरून रंग मात्र चकाचक.

म्हणून अनुभवी मिस्त्री रंगाकडे बघत नाही. तो छोट्या हातोडीने टकटक करत जातो. चांगला पाईप खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. टोकदार पोगर दाबला आणि तो आत गेला, म्हणजे तो तुकडा बदलायचा.

तुकडा बदलायचा म्हणजे जुना कापायचा आणि नवा वेल्ड करायचा. आपला विषय इथून सुरू होतो.

पत्र्यामागे काय काय लपलेलं असतं?

आंबवड्याचा झुलता पूल तुम्ही पाहिला असेल. त्याचे दोर उघड्यावर आहेत. कुठला दोर कुठून कुठे जातो, हे उभ्या उभ्या कळतं. बस बरोबर उलटी आहे. तिचे सगळे दोर पोटात असतात. एकेक बघू.

१. हवेच्या नळ्या. मोठ्या बसचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती टाक्यांत साठते, पायाच्या व्हॉल्व्हमधून चाकांपर्यंत जाते. दाब साधारण ८ बार, म्हणजे कारच्या टायरच्या तिपटीहून जास्त. या नळ्या बऱ्याचदा नायलॉनच्या असतात. बारीक, गुळगुळीत, आणि चेसिसच्या पट्टीला किंवा जमिनीखालच्या आडव्या पाईपला चिकटून गेलेल्या.

२. डिझेलच्या नळ्या. टाकीपासून इंजिनापर्यंत एक, आणि उरलेलं डिझेल परत आणणारी दुसरी. परतीची नळी लोक विसरतात.

३. युरियाची नळी. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. त्यातल्या बऱ्याच डिझेल बसमध्ये धूर साफ करायला ३२.५ टक्के युरियाचं द्रावण वापरतात. त्याची वेगळी टाकी आणि वेगळी नळी असते. हे द्रावण पेटत नाही, पण साध्या लोखंडावर गळत राहिलं तर गंज वाढवतं. म्हणजे नळीला धक्का लागला तर आज बदललेला पाईप उद्या पुन्हा सडणार.

४. वायरिंग. बसमध्ये २४ व्होल्ट असतात, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून. मागचे दिवे, इंडिकेटर, आतले दिवे, दरवाजाचा स्विच, या सगळ्यांच्या वायरींचा जुडगा खांबांतून, छतातून आणि खिडकीखालच्या पट्टीमागून फिरतो.

५. कॅन बसची जोडी. इथे ‘बस’ म्हणजे गाडी नाही! इंजिन, ब्रेक आणि डॅशबोर्ड यांचे छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात, तो हा रस्ता. बॉश कंपनीने १९८६ मध्ये तो जगासमोर आणला. दिसायला फक्त एकमेकींभोवती पिळलेल्या दोन बारीक वायरी. बॅटरीची जाड केबल बघून माणूस जपतो, या दोन वायरींकडे लक्षही जात नाही.

६. नंतर बसवलेल्या गोष्टी. जीपीएस, पॅनिक बटण, कॅमेरे, पुढचा एलईडी बोर्ड, मोबाईल चार्जिंगचे पॉइंट. नव्या प्रवासी गाड्यांना जीपीएस आणि पॅनिक बटण १ जानेवारी २०१९ पासून सक्तीचं झालं. अनेक जुन्या गाड्यांत मात्र ही कामं नंतर, वेगवेगळ्या माणसांनी केलेली असतात. कुणी वायर छतातून नेली, कुणी सीटखालून. कंपनीच्या नकाशात यातलं काहीच नसतं.

७. सीएनजीची लाईन. पुण्यात पीएमपीएमएलच्या अनेक बस सीएनजीवर चालतात. सिलिंडरमधला दाब २०० बारपर्यंत असतो. या लाईनजवळ वेल्डिंगचा निर्णय साध्या गॅरेजने घ्यायचाच नसतो.

८. आग विझवणारी यंत्रणा. काही बसमध्ये इंजिनाजवळ उष्णता ओळखणारी प्लॅस्टिकची नळी असते. उष्णता वाढली की ती फुटते आणि आग विझवणारा पदार्थ सुटतो. तिला आग आणि वेल्डिंग यातला फरक कळत नाही.

नुकसान नेमकं कसं होतं?

बहुतेकांना वाटतं धोका एकच, ग्राइंडरने वायर कापली जाणं. खरं तर तो सगळ्यात कमी धोक्याचा प्रकार आहे, कारण कापलेलं लगेच कळतं. बाकीचे तीन प्रकार लपून राहतात.

पहिला: उष्णता. लोखंड साधारण १५०० अंशाला वितळतं. ब्रेकच्या नळीसाठी वापरतात त्यातलं एक नायलॉन १८० अंशाच्या आसपासच वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. लोखंड उष्णता वाहून नेतं. त्यामुळे तुम्ही पाईपच्या एका बाजूला वेल्डिंग करताय आणि नळी दुसऱ्या बाजूला, वीतभर अंतरावर टेकलेली आहे, तरी ती भाजू शकते. ज्योत तिला शिवलेलीही नसते. नळी पूर्ण वितळली तर कळेल. पण फक्त मऊ होऊन एका जागी पातळ झाली तर ती त्या दिवशी हवा धरून ठेवते. मग रोजचे हादरे, रोजचा दाब, आणि कधीतरी ती फुटते.

दुसरा: भटका करंट. वेल्डिंग मशीनला दोन केबल असतात. एक हातातल्या होल्डरची, दुसरी अर्थिंगच्या चिमट्याची. होल्डरमधून गेलेला शंभर-दोनशे अँपिअर करंट चिमट्याकडे परत येणारच. पण चिमटा लांब, गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावला असेल तर? मधले जोड गंजलेले आहेत, आणि गंजातून वीज नीट वाहत नाही. मग करंट दुसरी वाट शोधतो: एखादं बेअरिंग, एखादी अर्थिंगची पट्टी किंवा इंजिनाच्या कॉम्प्युटरची बारीक अर्थ वायर. ती वायर काही अँपिअरसाठी बनलेली असते. म्हणजे गाडी जितकी जास्त गंजलेली, तितका हा धोका मोठा.

तिसरा: ठिणगी. ग्राइंडरच्या ठिणग्या कित्येक फूट लांब उडतात. पाईपच्या पोकळीत धूळ, जुना फोम, प्लायवूडचा भुसा किंवा गंज रोखायला मारलेलं मेण असतं. ते लगेच पेटत नाही, आत धुमसत राहतं. काम संपतं, सगळे चहाला जातात, आणि धूर मग निघतो.

या तिन्हींत सारखी गोष्ट एकच: शेडमध्ये गाडी ठीक दिसते, बिघाड नंतर रस्त्यावर उघडा पडतो.

ब्रेकच्या नळीचा फसवा प्रकार

हा भाग जरा नीट वाचा, कारण दुरुस्तीनंतरची चाचणी बहुतेक वेळा इथेच फसते.

टाकीपासून पायाच्या व्हॉल्व्हपर्यंतची नळी कायम हवेने भरलेली असते. तिला भोक पडलं तर गाडी उभी असतानाही फुसफुस ऐकू येते, काटा खाली येतो. पण व्हॉल्व्हच्या पुढे, चाकाजवळच्या ब्रेक चेंबरकडे जाणारी नळी पेडल दाबेपर्यंत रिकामी असते. तिला भोक असलं तरी उभ्या गाडीत काहीच आवाज येत नाही. काटा स्थिर, सगळे खूश. ड्रायव्हर पेडल दाबेल तेव्हाच तिथून हवा निसटणार.

सिनेमात दाखवतात तसा सगळा ब्रेक एकदम जात नाही, हेही खरं. पुढच्या आणि मागच्या चाकांची हवा वेगळी ठेवलेली असते. दाब कमी झाला की बझर वाजतो. दाब फारच उतरला तर मागच्या चाकांतली जोरदार स्प्रिंग सुटते आणि चाकं जाम करते. ही सोय जीव वाचवण्यासाठीच आहे. पण उतारावर, वळणावर, भरलेल्या गाडीत अर्धाच ब्रेक मिळणं किंवा मागची चाकं अचानक जाम होणं, हे कुणालाच नको असतं. मांढरदेवीच्या किंवा वरंधच्या घाटात तर नकोच नको.

मग लाईन शोधायची कशी?

सगळ्यात आधी कंपनीचं मॅन्युअल आणि वायरिंगचा नकाशा. पण नकाशावर पूर्ण भरवसा नको. बॉडी दुसरीकडे बांधलेली असते, वर नंतरची कामं. नकाशा म्हणजे सुरुवात.

दुसरं, दोन्ही टोकांकडून चालत या. मागच्या दिव्यापासून वायर पुढे कुठे जाते ते बघा, मग डॅशबोर्डकडून मागे या. जिथे दोन्हीकडची वाट गायब होते, तो पत्रा संशयाचा. तिथलं पॅनेल किंवा पत्रा रिव्हेट काढून उघडायचा, सरळ कापायचा नाही.

तिसरं, कॅमेरा. फोनला जोडायचा बारीक एंडोस्कोप कॅमेरा ऑनलाइन सहज मिळतो. लवचीक वायर, टोकाला पेन्सिलीएवढा कॅमेरा आणि बारीक दिवे. पाईपच्या एखाद्या छिद्रातून आत सोडला की फोनच्या स्क्रीनवर पोकळी दिसते. गंज किती आहे तेही दिसतं आणि आतून काही गेलंय का तेही.

चौथं, वायर शोधणारं यंत्र. एका टोकाला ते बारीक सिग्नल सोडतं आणि दुसरा हातातला भाग पॅनेलवरून फिरवला की वायरजवळ आवाज करतो. प्लॅस्टिक किंवा प्लायवूडच्या पॅनेलमागे चांगलं चालतं, पण लोखंडी पत्र्यामागे सिग्नल अडतो. आणि नळ्यांसाठी ते काही कामाचं नाही.

आता एक महत्त्वाचा प्रश्न. फोनमधलं ‘मेटल डिटेक्टर’ अॅप चालेल का? नाही. ते अॅप फोनच्या होकायंत्राचा सेन्सर वापरतं आणि आजूबाजूच्या चुंबकीय क्षेत्रातला बदल दाखवतं. बस सगळी लोखंडाचीच. तिथे अॅप प्रत्येक ठिकाणी ओरडणार. आणि नायलॉनची नळी तर त्याला कधीच दिसणार नाही. भिंतीतली वायर शोधायचं यंत्रही इथे असंच फसतं.

काम करायची पद्धत, पायरी पायरीने

१. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ओट लावा. सांगाडा कापायच्या आधी खालून टेकू द्या, नाहीतर कापलेला भाग खचतो आणि दार-खिडक्या बसत नाहीत.

२. कापायचा भाग खडूने आखा. त्याच्या दोन्ही बाजूंना निदान फूटभर जागा उघडी करा. समोर जे दिसतं त्याच्या मागेही बघा.

३. मिळालेल्या प्रत्येक लाईनवर रंगीत टेप लावा: हवा, डिझेल, वीज, युरिया. सोडवायच्या आधी फोटो काढा.

४. शक्य असेल ती लाईन क्लिपा सोडून बाजूला घ्या. नुसती झाकणं हा दुसरा पर्याय. हवेची नळी काढायची तर आधी टाक्यांतली हवा पूर्ण सोडा. डिझेलची नळी काढली तर दोन्ही तोंडं बंद करा.

५. बाजूला घेता येत नसेल तर मध्ये न जळणारं वेल्डिंगचं ब्लँकेट किंवा पत्र्याची आड धरा. नळी लोखंडाला टेकलेली राहता कामा नये.

६. मेन स्विच बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, आणि कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे अल्टरनेटर व कॉम्प्युटरचे कनेक्टर सोडा. नुसती चावी बंद करून भागत नाही.

७. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावा. मधे बेअरिंग किंवा गंजलेला जोड येऊ देऊ नका.

८. लाईन जवळ असेल तिथे ग्राइंडरची खोली कमी ठेवा, शेवटचा थर हाताच्या करवतीने कापा. वेळ लागतो, पण करवत थांबवता येते.

९. लांबच लांब वेल्डिंग एकदम ओढू नका. थोडं मारा, थांबा, दुसरीकडे मारा. उष्णता पसरत नाही आणि पाईपही वाकत नाही.

१०. पाणी आणि अग्निशामक घेऊन एक माणूस फक्त लक्ष ठेवायला बसवा. काम थांबल्यावरही तासभर तिथे नजर हवी.

११. नव्या पाईपाला आतून-बाहेरून गंजरोधक लावा आणि तळाला पाणी निघायचं छिद्र ठेवा. लाईन परत बसवताना जिथे ती पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच घाला. धारदार कडेवर घासली तर वर्षभरात पुन्हा तेच काम.

भाजलेल्या किंवा खरचटलेल्या ब्रेकच्या नळीवर टेप गुंडाळू नका. दोन जोडांमधली पूर्ण नळी बदलणं हाच बरोबर उपाय. नळी स्वस्त असते.

दुरुस्तीनंतर काय तपासायचं?

हवा: दाब पूर्ण भरा, इंजिन बंद करा, काटा बघा. मग एका माणसाला पेडल दाबून धरायला सांगा आणि सगळ्या नळ्यांवर, जोडांवर साबणाचं पाणी लावा. फुगे आले की गळती सापडली. पेडल दाबून धरणं का महत्त्वाचं, ते वर पाहिलंच.

कॅन बस: इथे साधा मल्टिमीटर पुरतो. या लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी काढलेली असताना दोन वायरींमध्ये मोजलं तर ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आले तर कुठेतरी वायर तुटली आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. एका आकड्यात एवढं कळतं.

बाकी वीज: सगळे दिवे, दरवाजा, पॅनिक बटण आणि कॅमेरा एकेक करून चालवा. स्कॅनर लावून चुकीचे कोड आलेत का बघा.

आणि पुन्हा एकदा: काही दिवस गाडी धावल्यावर हेच सगळं परत तपासा. मऊ झालेली नळी पहिल्या दिवशी गळत नाही.

इलेक्ट्रिक बसचं काय?

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे ते नगर धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर एसटीची इलेक्ट्रिक ‘शिवाई’ सुरू झाली. अशा बसमध्ये २४ व्होल्टची जुनी व्यवस्था असतेच, शिवाय काहीशे व्होल्टची दुसरी असते. तिच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात. जगभर हाच रंग वापरतात, म्हणून लक्षात ठेवायला सोपं: नारिंगी दिसलं की हात मागे.

इथे २४ व्होल्टची बॅटरी काढून काम होत नाही. मोठ्या बॅटरीचा सुरक्षा प्लग काढावा लागतो, कॅपॅसिटरमधली वीज उतरेपर्यंत थांबावं लागतं, आणि मीटरने शून्य मोजल्यावरच हात लावायचा असतो. हे काम प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचंच. सांगाड्याला कुठे वेल्डिंग चालेल, हेही कंपनीच ठरवते.

नोंद: इथे तुमचा फोन लागतो

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्या धंद्यात जुना कोड ही रोजची डोकेदुखी. ही ओळ कुणी लिहिली, का लिहिली, काढली तर काय तुटेल, कुणालाच माहीत नसतं. बसच्या पत्र्यामागची वायर अगदी तशीच आहे. ज्याने ती टाकली तो माणूस बदलला, निवृत्त झाला, आणि माहिती त्याच्याबरोबर गेली. पुढचा मिस्त्री पुन्हा अंदाजाने कापतो.

आम्ही यावर उपाय म्हणून प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो. बससाठीही तेच करता येतं, आणि खर्च शून्य. पत्रा उघडा असतो त्या एका दिवशी दहा मिनिटं द्यायची:

• आधी लांबून फोटो, म्हणजे कुठला खांब ते कळेल. मग जवळून.
• फोटोत मेजर टेप ठेवा. ‘खिडकीच्या कडेपासून १८ सेंटिमीटर खाली’ हे फोटोतच दिसलं पाहिजे.
• पुढून मागे चालत, बोलत बोलत एक संथ व्हिडिओ काढा.
• फाईलला नाव द्या: गाडी नंबर, डावी की उजवी बाजू, कितवा खांब, तारीख.
• व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो टाकलात तर तो दाबला जातो, बारीक तपशील जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि ड्राइव्हवर गाडीच्या नंबरचं फोल्डर करा.
• त्या फोल्डरचा क्यूआर कोड छापून फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढचा मिस्त्री कुठल्याही गावचा असो, स्कॅन करेल आणि बघेल.

अनुभवी मिस्त्रीला हे सगळं तोंडपाठ असतं, हे मान्य. पण ते त्याच्या डोक्यात आहे, गाडीत नाही. आयटीआयला शिकणाऱ्या किंवा गॅरेजमध्ये हाताखाली काम करणाऱ्या मुलांनी हे काम हक्काने आपल्याकडे घ्यावं. हत्यार धरायला वेळ लागतो, फोटो आजपासून काढता येतात.

थोडक्यात, आणि एक विनंती

हा लेख वाचून कुणी स्वतः बसवर वेल्डिंग करू नये. ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. पण काम करून घेणारे आपण असतो. तुमच्या गावात शाळेची बस असेल, काकांची ट्रॅव्हल्सची गाडी असेल, ओळखीच्या कुणाची मिनी बस असेल, तर पत्रा मारून आल्यावर ‘रंग मस्त दिला’ म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा:

वेल्डिंगआधी बॅटरी आणि कॉम्प्युटरचे कनेक्टर काढले होते का? कापलेल्या जागेतून कुठल्या लाईनी जात होत्या? पेडल दाबून धरून हवेची गळती बघितली का? पत्रा बंद करायच्या आधीचे फोटो कुठे आहेत?

प्रवासात तुम्हाला स्वतःला पायाखालून ब्रेक दाबताच फुसफुस ऐकू आली, डॅशबोर्डचा बझर बराच वेळ वाजत राहिला किंवा जळका वास आला, तर लाजू नका. ड्रायव्हरकाकांना किंवा कंडक्टरला लगेच सांगा. पुढच्या सीटवर बसून इंजिनाच्या आवाजात त्यांना मागचं ऐकू येईलच असं नाही.